‘निरंक’ नोंदीचा इतिहास कसा लिहायचा?

पीएचडीच्या प्रपोजलमध्ये ‘विषय’ लिहिणं सोपं असतं, अडतं ते ‘प्रश्ना’पाशी. माझा विषय लोहगाव होता. पुण्याहून विमानाने कुठे गेला असाल तर ही हवाई दलाची धावपट्टी तुम्हीही वापरली आहे. पण ‘लोहगावचा इतिहास’ हा काही प्रश्न नव्हे, हे गाईडनी तीनदा सांगितल्यावर माझ्या डोक्यात शिरलं. म्हणून आज एकाच उदाहरणावर बोलू.

हवाई दलाचं ६ नंबरचं स्क्वॉड्रन १९५१ मध्ये पुण्यात नव्याने उभं राहिलं, लिबरेटर विमानांवर. ही महायुद्धातली चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर. ब्रिटिशांनी जाताना मोडतोड करून ती कानपूरला टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती दुरुस्त करून उडवली. १९६८ पर्यंत ही विमानं पुण्यातून अरबी समुद्रावर पाळत ठेवत होती. गंमत बघा, ज्या गावाला समुद्रच नाही तिथून समुद्राची राखण! पुढे याच स्क्वॉड्रनकडे एअर इंडियाची जुनी सुपर कॉन्स्टेलेशन आली. ही मुळात प्रवासी विमानं, त्यांच्यात रडार बसवून समुद्रावरच्या गस्तीला धाडली.

एवढं कुठल्याही स्क्वॉड्रनच्या इतिहासात मिळतं. विमान कोणतं, कमांडिंग ऑफिसर कोण, पदकं किती. आता जरा आत डोकावा. वैमानिक पुढे बसलाय. मागे, काचेतून येणारा उजेड अडवून, एक जण गोल पडद्याकडे बघत बसलाय. पडद्यावर रेषा फिरते, लाटांवरून परतलेल्या लहरींचे ठिपके उमटतात नि विरतात. त्या ठिपक्यांच्या गर्दीत एखादा ठिपका जहाजाचा असतो, किंवा पाणबुडीने वर काढलेल्या नळीचा. तो ओळखायचा, तासन्‌तास. बहुतेक दिवशी काहीच दिसत नाही. आणि ‘काही दिसलं नाही’ याला कागदावर एक ओळ मिळते. आपल्या सरकारी भाषेत, निरंक.

माझा प्रश्न मला इथे सापडला. निरंक म्हणजे नेमकं काय? समुद्रात काही नव्हतं, की होतं पण दिसलं नाही? कागदावर दोन्ही सारखंच दिसतं.

ही शंका माझी एकटीची नाही. महायुद्धात पाणबुड्या शोधणाऱ्या ब्रिटिश विमानांतले रडारवाले ठिपके का चुकवतात, हे नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने तपासलं. घड्याळासारखी तबकडी, तिचा काटा ठोक्याठोक्याने पुढे सरकतो. क्वचित तो एकदम दोन घरं उडी मारतो, तेव्हा बटण दाबायचं. बस्स. हे दोन तास करायचं. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांचं चुकायला लागणं वाढलं. १९४८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे आठ तासांच्या गस्तीत पडद्यासमोर माणसं किती वेळाने बदलली, हे कळल्याशिवाय त्या गस्तीच्या नोंदीचा अर्थ लावताच येत नाही. साधन वाचण्याची ही पद्धत नीट लक्षात घ्या. नोंद खोटी नसते, पण ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपलीकडे जात नाही.

आणि हा नुसता अभ्यासाचा खेळ नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पुढचे काही दिवस शोध चालला, हँगोर सुखरूप कराचीला पोचली. दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, नौदलाचं एक अलिझे विमान पाकिस्तानी स्टारफायटरने पाडलं. अलिझे हे तिघांचं विमान, पोटाखाली बाहेर काढता येणारं रडार. ले. कमांडर अशोक रॉय, ले. एच. एस. सिरोही आणि विजयन असे तिघे त्यात होते. बहुतेक उल्लेखांत पहिल्या दोघांचा हुद्दा आणि नाव नीट असतं. तिसरा, अधिकारी नसलेला एअरक्रू, नुसता ‘विजयन’. मला हे वाचून राग आला होता. प्रबंधात राग चालत नाही, पण प्रश्न कुठे खोदायचा ते तो दाखवतो.

समुद्रावरची ही गस्त कुणाच्या हाती असावी, हा हवाई दल नि नौदल यांच्यातला जुना वाद. पुस्तकांत तो अधिकाराचा वाद म्हणून येतो. मला त्यात आणखी एक दिसतं: ठिपका ओळखायला वैमानिकी शिकलेला माणूस हवा की जहाजं ओळखणारा? नोव्हेंबर १९७६ मध्ये निकाल नौदलाच्या बाजूने लागला, सुपर कॉन्स्टेलेशन पुण्याहून गोव्याला दाबोळीला गेली आणि नौदलाचं ३१२ क्रमांकाचं स्क्वॉड्रन तयार झालं. त्यातलं एक वास्कोच्या नौदल विमान संग्रहालयात उभं आहे. एअर इंडियात असताना त्याचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, म्हणजे आपलं वेरूळ!

६ नंबरच्या स्क्वॉड्रनला ऐंशीच्या दशकात समुद्रावर हल्ल्यासाठी जॅग्वार मिळाली. नाकात रडार, पण बसायची जागा एकच. मागचा माणूसच उरला नाही, पडदा आता वैमानिकानेच बघायचा.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या घरात, शेजारात, विमाननगर-येरवड्याकडे हवाई दलातले निवृत्त सिग्नलर किंवा नॅव्हिगेटर काका असतील, तर त्यांना युद्धाचं लगेच विचारू नका. ते सगळेच विचारतात. आधी विचारा, पडद्यासमोर एका वेळी किती मिनिटं बसायचात, आणि उठल्यावर त्या खुर्चीत कोण बसायचं? नाव, आडनाव, दोन्ही लिहून घ्या.