हीटर, हँडल आणि डिझेलसाहेबांचं एक मिनिट

नागपूर म्हटलं की लोकांना फक्त उन्हाळा आठवतो. बरोबरच आहे म्हणा, २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले होते. पण याच नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर उतरला होता, हे सांगितलं की पुण्या-मुंबईचे मित्र हसतात. हसू देत. थंडीच्या पहाटे हिंगणा एमआयडीसीच्या रस्त्यावर उभं राहावं आणि जुन्या डिझेल गाड्यांचे स्टार्टर कुंथताना ऐकावेत. काय थंडी आहे बाप्पा, हे माणसाआधी इंजिन सांगतं.

का बरं? पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापते, मग त्यात डिझेलचा फवारा मारायचा आणि तो पेटतो. सगळा खेळ त्या हवेच्या तापमानाचा.

थोडं गणित करू, घाबरू नका :) किर्लोस्करचं एव्ही-१ हे ५ हॉर्सपॉवरचं इंजिन अनेकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिलं असेल. ते हवा १६.५ पट दाबतं. उष्णता जराही बाहेर गेली नाही असं धरलं, तर ४० अंशांची हवा दाबल्यावर साधारण ६९० अंशांवर जाते, आणि ५ अंशांची हवा फक्त ५८० वर. म्हणजे बाहेरचा ३५ अंशांचा फरक आत शंभराच्या वर जातो! प्रत्यक्षात तर आणखी वाईट. गार सिलिंडर उष्णता खातो, घट्ट झालेलं तेल इंजिनाला हळू फिरवतं, हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, आणि गारठलेली बॅटरी नेमकी तेव्हाच दम टाकते.

हे दुखणं जुनंच आहे. १८९० च्या सुमारास इंग्लंडच्या अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टने जे तेल-इंजिन काढलं, त्याचा डोक्याकडचा भाग आधी बाहेरून दिव्याच्या ज्योतीने तापवावा लागे. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्गमध्ये यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ती ज्योत लागत नव्हती, नुसता दाब पुरत होता. त्याचं एक स्वप्न होतं: मोठ्या कारखान्यांच्या वाफेच्या इंजिनांपुढे छोट्या कारागिराला टिकता यावं, असं यंत्र द्यायचं. १९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. पुढे त्याचं इंजिन जहाजांत, रणगाड्यांत गेलं.

पण माझ्या मते ते स्वप्न थोडंफार खरं झालं ते आपल्याकडे, विहिरीच्या काठावर. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि वीज पोचली नव्हती तिथे या इंजिनांनी पाणी उपसलं. बॅटरी नाही, हीटर नाही. एक छोटा खटका वर करायचा, म्हणजे व्हॉल्व्ह किंचित उघडा राहून दाब तयार होत नाही. मग हँडल मारून जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. थंडीशी लढायला लागणारी सगळी ताकद शेतकऱ्याच्या दंडातून यायची. हँडल उलटं फिरलं तर मनगट गेलंच समजा.

गाड्यांचा रस्ता वेगळा. बेंझ कंपनीतल्या प्रॉस्पर लोरांजने १९०९ साली पेटंट घेतलेल्या कल्पनेत इंधन आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं. आवाज कमी, धक्का कमी. पण कप्प्याच्या भिंती हवेची उष्णता शोषतात, म्हणून थंड इंजिन हट्ट करतं. उपाय म्हणजे विजेवर लाल होणारा ग्लो प्लग, आपल्या ड्रायव्हर मंडळींच्या भाषेत 'हीटर'. १९३६ च्या मर्सिडीज २६० डी मध्ये हेच होतं. जुन्या गाड्यांत किल्ली फिरवून बराच वेळ थांबावं लागे, तेव्हा जर्मन लोक त्याला गमतीने 'रुडॉल्फ डिझेल स्मृती-मिनिट' म्हणत. दोन मिनिटं मौन पाळतात ना, तसं.

हा कप्पा महाराष्ट्रातही आला. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने (आताची फोर्स मोटर्स) १९८७ मध्ये आणलेल्या ट्रॅव्हलरला मर्सिडीजचं ओएम ६१६ हे याच जातीचं इंजिन होतं. आज आपल्याकडच्या कितीतरी कॅरॅव्हॅन ट्रॅव्हलरवरच बांधलेल्या असतात, आणि २०२१ पासून राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही आहे. तेव्हा चिखलदऱ्याच्या गारठ्यात मुक्काम करणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. किल्ली फिरवली की वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबा. स्टार्टर सलग दाबून धरू नका, मध्ये बॅटरीला श्वास घेऊ द्या. ग्लो प्लगवाल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नका, भडका उडतो. टाकीखाली बोळे पेटवण्याचं धाडस तर नकोच. आणि ऊब हवी म्हणून उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

लडाखला जाणार असाल तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे डिझेलमधलं मेणच गोठून फिल्टर बंद करतं. त्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं. हीटर कितीही लाल झाला तरी डिझेल पोचलंच नाही तर पेटणार काय?

आता नव्या गाड्यांत एक छोटा संगणक पाण्याचं तापमान बघून हीटर किती वेळ तापवायचा आणि डिझेल किती सोडायचं हे ठरवतो. ते मिनिट दोन-चार सेकंदांवर आलंय. जे काम पहाटे उठून क्लीनर पोरगा हँडल मारून करायचा, ते आमच्यासारख्याच कोणीतरी लिहिलेल्या कोडच्या काही ओळी करतात. चांगलंच झालं. त्या पोराचं मनगट वाचलं, हे मला मायलेजपेक्षा मोठं वाटतं.