सोडियमचा दिवा आणि पहिली ठिणगी

१/ रत्नागिरीच्या पावसाळी रात्री वीज क्षणभर जाऊन परते, तेव्हा घरांतले बल्ब लगेच उजळत. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे मात्र काही काळ काळोखातच राहत. त्या विलंबामागे एका सिरॅमिक नळीचा इतिहास आहे.

२/ कोकणचा जांभा लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी भरलेला. ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले की तो बॉक्साइट. दापोली-मंडणगड भागात त्याचे साठे आहेत. बॉक्साइट शुद्ध करून मिळते ते ॲल्युमिना. माणिक आणि नीलम हीदेखील मूलतः याच संयुगाची रत्ने.

३/ तप्त सोडियमची वाफ क्वार्ट्झच्या नळीला खाऊन टाकते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी ॲल्युमिनाच्या भुकटीत किंचित मॅग्नेशिया मिसळून ती भाजली. आतील सूक्ष्म छिद्रे नाहीशी झाली आणि सिरॅमिकमधून प्रकाश पार जाऊ लागला. १९६०च्या दशकाच्या मध्यास अशा नळीचे सोडियम दिवे बाजारात आले.

४/ एक प्रश्न सुटला, दुसरा उभा राहिला. पाऱ्याच्या दिव्यात मुख्य इलेक्ट्रोडशेजारी छोटा सहायक इलेक्ट्रोड असे. पहिला विद्युत्प्रवाह त्या अरुंद फटीत सुरू होई. सिरॅमिकच्या बारीक नळीत त्याला जागा नव्हती.

५/ म्हणून ठिणगी बाहेरून आणावी लागली. ‘इग्निटर’ हजारो व्होल्टचे क्षणिक स्पंद देऊ लागला. नळीलगत धातूची तार ताणली, की कमी दाबाच्या विजेवरही वायू प्रवाही होई. काही दिव्यांत निऑनमध्ये थोडा आरगॉन मिसळला गेला; डच शास्त्रज्ञ फ्रान्स पेनिंग यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम येथे कामी आला.

६/ तरीही पहिला मुक्त इलेक्ट्रॉन हवाच. पुढे सिरॅमिक मेटल हॅलाइड दिव्यांत त्यासाठी किरणोत्सारी क्रिप्टॉन-८५चा अंश वापरला गेला, किंवा शेजारी अतिनील किरणांचा चिमुकला दिवा बसवला गेला.

७/ वीज परतल्यावरचा काळोख याच कथेचा शेवट. तापलेल्या नळीत वाफेचा दाब इतका असतो, की इग्निटरचे स्पंदही अपुरे पडतात. नळी निवेपर्यंत वाट पाहावी लागते. अंधाऱ्या वळणावरच्या वाटसरूला ती मिनिटे फार मोठी वाटत.

८/ ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने पथदिव्यांचा राष्ट्रीय एलईडी कार्यक्रम सुरू केला. एलईडीला ठिणगीची गरज नाही. पिवळा उजेड ओसरत आहे आणि त्याच्यासोबत ती प्रतीक्षाही.