युद्धवधूंचा कायदा व त्यांतील एक उपवाक्य

जुन्या सनदा पाहणारांस हें ठाऊकच आहे कीं, अमुक गांव इनाम दिला एवढें वाचून थांबणारा फसतो. ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ हे शब्द त्याच पत्रांत पुढें असतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २८ डिसेंबर १९४५ रोजीं सैनिकांच्या बायकामुलांस देशांत घेण्याविषयीं जो कायदा झाला, तोहि असाच सावधपणें वाचावा लागतो.

त्यास लोकांनीं ‘युद्धवधूंचा कायदा’ म्हटलें. पण मूळ शीर्षकांत वधू नाहीं. तेथें सैनिकांचे परकीय विवाहसंबंधी व अज्ञान मुलें एवढेंच आहे, आणि लग्न युद्धकाळींच झालेलें असावें अशी अटहि नाहीं. हा शब्दभेद क्षुल्लक नव्हे. चिनी वंशाच्या अनेक अमेरिकन शिपायांनीं या कायद्यान्वयें ज्या बायका आणविल्या, त्यांचीं लग्नें कित्येक वर्षें आधीं चीनमध्यें लागलेलीं होतीं. त्या युद्धाच्या वधू कसल्या? जुन्या निर्बंधांनीं दुरावलेल्या गृहिणी त्या.

सवलत मोठी होती. १९२४ च्या कायद्यानें ठरविलेला राष्ट्रवार कोटा यांस लागू नव्हता. व्हिसाच्या कागदपत्रांची सक्ति नव्हती. शारीरिक व मानसिक व्यंगाविषयींचीं निषेधक कलमेंहि बाजूस ठेविलीं होतीं. मुदत तीन वर्षांची. ४ फेब्रुवारी १९४६ रोजीं ‘आर्जेंटिना’ जहाज ४५२ ब्रिटिश वधूंसह न्यूयॉर्कास लागलें, आणि मुदत सरेपर्यंत एक लक्षाहून अधिक स्त्रिया आल्या.

परंतु ‘अन्यथा प्रवेशास पात्र असल्यास’ असें एक उपवाक्य मध्येंच आहे. मीमांसकांच्या भाषेंत, अपवाद सांगितला तेवढाच; बाकी उत्सर्ग कायम. ज्या वंशाचे लोक नागरिकत्वास अपात्र, ते प्रवेशासहि अपात्र, हा १९२४ चा नियम त्या चार शब्दांत जिवंत राहिला. चिनी लोक १७ डिसेंबर १९४३ पासून पात्र ठरले होते; हिंदी लोक नव्हते. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यांत असलेले भगतसिंग थिंद यांचें नागरिकत्व ‘गोरे नाहींत’ म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९२३ मध्यें अमान्य केलें; माजी सैनिकांसाठीं १९३५ मध्यें निराळा कायदा झाला, तेव्हां १९३६ मध्यें तें त्यांस मिळालें. ती सूट सैनिकापुरती होती. म्हणून दुसऱ्या युद्धांत बंगाल-आसामांत आलेल्या अमेरिकन शिपायानें हिंदी मुलीशीं लग्न केलें असतां, तिला या कायद्याचें दार बंदच होतें. २ जुलै १९४६ च्या कायद्यानें हिंदी व फिलिपिनो लोकांची अपात्रता गेली, आणि मग तें उघडलें.

जपानी स्त्रिया तेव्हांहि बाहेरच राहिल्या. २२ जुलै १९४७ च्या दुरुस्तीनें वंशाची अडचण दूर केली, पण दुरुस्तीपासून तीस दिवसांच्या आंत लागलेल्या लग्नांपुरतीच. आपल्याकडे मुहूर्त पंचांग ठरवितें. तेथें तो काँग्रेसनें ठरविला.

एलेन नॉफ हिचें प्रकरण याहून बोधक आहे. जन्मानें जर्मन, इंग्लंडांत निर्वासित, तेथील विमानदलांत नोकरी केलेली. फेब्रुवारी १९४८ मध्यें तिनें अमेरिकन माजी सैनिकाशीं विवाह केला. ऑगस्टांत ती न्यूयॉर्कास पोहोंचली, तों तिचा प्रवेश राष्ट्राच्या सुरक्षिततेस अपायकारक म्हणून नाकारण्यांत आला. सुनावणीहि दिली नाहीं. १६ जानेवारी १९५० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं तें उचलून धरलें. विरुद्ध मत देणारांत न्यायमूर्ति फ्रँकफर्टर होते. कायदा सैनिकाच्या हितासाठीं आहे, त्याच्या बायकोस घालविणें म्हणजे त्यासच घालविणें, असा त्यांचा आशय. आमच्या मतें कायद्याचा हेतु त्यांनींच ओळखला. पुढें सुनावणी झाली, पुरावा अपुरा ठरला, आणि नोव्हेंबर १९५१ मध्यें तिला आंत घेतलें.

याच जातीचा अलीकडचा कागद म्हणजे १५ नोव्हेंबर २०१३ चें अमेरिकन परिपत्रक. विनातपासणी देशांत शिरलेल्या, सैनिकांच्या व माजी सैनिकांच्या आप्तांस देशांतच राहूं देण्याची वाट त्यानें दाखविली. मात्र प्रत्येक अर्ज अधिकाऱ्यानें स्वतंत्रपणें तोलावयाचा होता. त्यांत पतिपत्नी व मुलें यांबरोबर आईबापहि आहेत. १९४५ च्या कायद्यांत ते नव्हते.