फाडफाड बोलणं की बिनचूक बोलणं? दुसऱ्या भाषेत व्याकरणाच्या चुका किती मोजायच्या?

सामना संपतो, खेळाडू माइकसमोर येतो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना, पाच मिनिटं न अडखळता बोलतो. त्यानं काय सांगितलं ते सगळ्यांना कळलेलं असतं. तरी संध्याकाळपर्यंत त्याच्या एका 'हॅव'वर दहा मीम्स तयार होतात. मग या खेळाडूला इंग्रजी 'येतं' म्हणायचं की नाही?

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. इंग्रजीतला 'फ्लुएंट' हा शब्द लॅटिनमधल्या 'वाहणे' या क्रियापदावरून आला. म्हणजे त्यात ओघ आहे, बिनचूकपणा नाही. मराठीत आपण त्यासाठी 'अस्खलित' म्हणतो. स्खलन म्हणजे घसरणं, चुकणं. अस्खलित म्हणजे जो घसरत नाही तो. एकाच गोष्टीसाठी वापरले जाणारे हे दोन शब्द खरं तर दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. खरा जवळचा शब्द 'ओघवतं' हा आहे, पण तो आपण वक्त्यांसाठी राखून ठेवलाय.

भाषा शिकण्याचा अभ्यास करणारेही या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात. ओघ मोजताना बोलण्याचा वेग, थांबे, तेच शब्द पुन्हा पुन्हा येणं, वाक्य अर्धवट सोडून दुसरं सुरू करणं हे पाहिलं जातं. यात थांबे किती, यापेक्षा ते कुठे येतात हे जास्त बोलकं असतं. मातृभाषेत बोलणारा माणूसही थांबतो, पण बहुतेकदा वाक्य किंवा उपवाक्य संपल्यावर. नवशिका मधेच, शब्द शोधत थांबतो. ऐकणाऱ्याला खटकतो तो हा दुसरा थांबा.

परदेशी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी अनेक जण देतात ती आयईएलटीएस परीक्षा घ्या. बोलण्याच्या चाचणीत चार निकष असतात: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही निकषांना सारखंच वजन. म्हणजे व्याकरणाचा वाटा एक चतुर्थांश, आणि त्यातही फक्त चुका मोजत नाहीत; किती वेगवेगळ्या प्रकारची वाक्यं वापरता हेही बघतात. सातव्या बँडच्या वर्णनात काही चुका राहणारच हे गृहीत धरलेलं आहे. नवव्या, म्हणजे सर्वोच्च बँडमध्येसुद्धा मातृभाषिक बोलता बोलता जसे चुकतात तशा चुकांना जागा आहे.

सगळ्या चुका सारख्या नसतात

ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये एक फरक मांडला, तो आजही शिकवला जातो. नियम माहीत असून घाईत जीभ घसरली तर ती एक गोष्ट. नियमच अजून डोक्यात बसलेला नसेल तर ती दुसरी. पहिली चूक आपण मराठीतही रोज करतो आणि कुणी आपल्याला मराठी येत नाही म्हणत नाही. दुसरी चूक म्हणजे शिकणारा कुठवर पोचलाय याचा नकाशा, असं कॉर्डर यांचं म्हणणं होतं.

त्यानंतर काही वर्षांत आणखी एक विभागणी पुढे आली: जी चूक वाक्याच्या एका कोपऱ्यात राहते ती, आणि जी पूर्ण वाक्याचा अर्थ फिरवते ती. मराठी शिकणाऱ्याची उदाहरणं घेतली की हे चटकन कळतं. हिंदी भाषक म्हणाला, 'माझा गाडी बंद पडला', तर कानाला टोचतं, पण गाडी ढकलायला जायचं हे आपल्याला समजतं. तोच माणूस म्हणाला, 'उद्या आम्ही पिक्चरला जाऊ', तर व्याकरणाच्या दृष्टीनं वाक्यात एकही चूक नाही. पण त्याला म्हणायचं होतं 'आपण जाऊ'. हिंदीत दोन्हीला 'हम' चालतं, मराठीत नाही. आमंत्रण देणाऱ्यानं नकळत समोरच्याला वगळलं. 'रमेशने सुरेशला पैसे दिले' यात 'ने' आणि 'ला'ची अदलाबदल झाली तर देणेकरीच बदलतो.

लाल पेनाच्या हिशेबात 'माझा गाडी बंद पडला' यात दोन चुका आणि 'आम्ही जाऊ' यात शून्य. ऐकणाऱ्याच्या हिशेबात बरोबर उलट.

जिथे पुन्हा विचारायला वेळ नसतो

रोजच्या बोलण्यात शंका आली तर 'म्हणजे?' असं विचारता येतं. विमानाच्या रेडिओवर ती सोय फार कमी असते. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन बोइंग ७४७ धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ लोक गेले. टक्करीपूर्वी डच विमानातून 'वी आर नाऊ अ‍ॅट टेकऑफ' असा संदेश गेला होता. वैमानिकांना म्हणायचं होतं की आम्ही उड्डाण सुरू केलंय. टॉवरला वाटलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. डच भाषेत चालू क्रिया सांगायची जी पद्धत आहे, तिची छाया त्या 'अ‍ॅट'वर पडली असावी, असं काही अभ्यासक मानतात. धुकं, घाई, एकमेकांवर चढलेले रेडिओ संदेश ही कारणंही होतीच. पण शाळेच्या पेपरात जेमतेम अर्धा गुण जावा अशी ही चूक होती.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण दगावले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं. त्याच्या कर्मचाऱ्यांचं तोकडं इंग्रजी हा मुद्दा चौकशीत पुढे आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं २००३ मध्ये वैमानिक आणि नियंत्रकांसाठी भाषेची पातळी ठरवली. त्यात उच्चार, वाक्यरचना, शब्द, ओघ, आकलन, संवाद असे सहा निकष आहेत, आणि सहांपैकी सर्वात कमी गुण हीच उमेदवाराची अंतिम पातळी. ओघ कितीही छान असला तरी वाक्यरचनेची कसर भरून निघत नाही. तरीही किमान पातळीच्या वर्णनात चुकांना बंदी नाही. त्यांनी अर्थाला क्वचितच बाधा यावी, एवढीच अट आहे.

मग चुका करत सुटायचं का?

तेही नाही. कॅनडात माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट इथं १९६५ मध्ये इंग्रजी भाषक मुलांना थेट फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. अशा शाळांतली मुलं फ्रेंच उत्तम समजू लागली, न घाबरता बोलू लागली. पण नामांचं लिंग आणि क्रियापदांची रूपं वर्षानुवर्षं चुकतच राहिली. वर्गातल्या सगळ्यांना ते चुकीचं फ्रेंच कळत होतं, त्यामुळे सुधारायची निकड कुणालाच नव्हती. अशा घट्ट बसलेल्या चुकांना लॅरी सेलिंकर या अभ्यासकानं १९७२ मध्ये जीवाश्माची उपमा दिली.

आपल्याकडची अडचण मात्र बहुतेकदा याच्या उलट. महाराष्ट्रात मराठी माध्यमात इंग्रजी पहिलीपासून आलं ते २००० साली. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. पिढ्यान् पिढ्या अ‍ॅक्टिव्हचं पॅसिव्ह करण्यात गेल्या, कारण परीक्षा लिहिण्याची होती. अशा विद्यार्थ्याला नियम पाठ असतो, आणि बोलताना तोच आडवा येतो: प्रत्येक वाक्य मनात तपासून होईपर्यंत विषय पुढे सरकलेला असतो. मुलाखतीत गप्प बसलेल्या अशा उमेदवाराच्या व्याकरणात एकही चूक सापडत नाही, कारण तो बोललेलाच नसतो.

मराठी शिकणाऱ्याच्या वाट्याला आपण वेगळंच काही देतो. त्याचं एक लिंग चुकलं की आपणच हिंदीवर येतो. सुधारणा करायचीच तर कशी, यावरही अभ्यास झालाय. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या अशाच फ्रेंच वर्गांचं निरीक्षण केलं. शिक्षक बहुतेक वेळा चुकलेलं वाक्य स्वतः बरोबर करून म्हणत आणि पुढे जात. मुलांनी आपली चूक दुरुस्त करण्याचं प्रमाण याच पद्धतीत सर्वात कमी होतं. अनेकदा ती दुरुस्ती होती हेच त्यांच्या लक्षात येत नसे. मुलानं स्वतःच बरोबर रूप शोधावं असा प्रश्न विचारला, तेव्हा जास्त फरक पडला. म्हणजे 'उद्या आम्ही पिक्चरला जाऊ' म्हणणाऱ्याला 'आपण म्हण' असं सांगण्यापेक्षा 'कोण कोण? मी पण?' एवढं विचारलं तरी पुरतं.