विसरण्याचा हिशेब

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वाढली, आणि पुढील काही दशकांत तिचे नाव पोलादाइतकेच अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेशी जोडले गेले. २०१६ मध्ये भिलाईच्या नावाने भारतीय तंत्रज्ञान संस्थाही स्थापन झाली. छत्तीसगडशी मराठीचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. भिलाईतल्या मराठी घरांतही परीक्षेचे दिवस जवळ आले की एकच प्रश्न उभा राहतो. शेवटच्या आठवड्यात रात्री जागवून घोकावे, की वर्षभर थोडे थोडे उजळावे?

या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देणारा पहिला माणूस जर्मनीतला हेर्मान एबिंगहाउस होय. त्याने प्रयोगासाठी दुसरा विद्यार्थी शोधला नाही; तो स्वतःवरच प्रयोग करीत बसला. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून त्याने सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या ओळी पाठ केल्या, विसरू दिल्या आणि पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते टिपून ठेवले. एका तासानंतर निम्म्याहूनही कमी श्रम वाचत. एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, सहा दिवसांनी २५, एकतीस दिवसांनी २१. म्हणजे विसरण्याची मोठी लूट पहिल्या काही तासांतच होते. नंतर ती मंदावते. १८८५ साली हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

त्याच ग्रंथातील दुसरा आकडा विद्यार्थ्याच्या अधिक उपयोगाचा आहे. बारा अक्षरगटांची ओळ एका दिवशी सलग ६८ वेळा घोकली, तर दुसऱ्या दिवशी ती बिनचूक म्हणण्यासाठी आणखी सात आवृत्त्या पुरत. तीच गोष्ट तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्त्यांनी साधली. जवळजवळ निम्मे श्रम केवळ मधल्या अवकाशाने वाचले!

मोजमाप नवे असले, तरी आचार जुना होता. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी यांचा परवचा होई, आणि पुढेही कितीतरी घरांत दिवेलागणीला तो चाले. कालचा पाढा आज पाहून वाचावयाचा नाही, न पाहता म्हणावयाचा, हे त्याचे खरे बळ. वेदपाठशाळांतील घनपाठाचे उदाहरण येथे नेहमी दिले जाते. पण त्यात थोडी गल्लत होते. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असा पदांचा उलटसुलट क्रम एकाच बैठकीत पाठाची शुद्धी राखतो. अंतर ठेवून केलेली उजळणी ही निराळी गोष्ट. परवच्यालाही एक मर्यादा होतीच. दोनाचा पाढा आणि एकोणतिसाचा पाढा दोघांना तो रोज सारखाच वेळ देई.

ही उणीव १९७२ मध्ये जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर याने एका साध्या पेटीने भरून काढली. पत्त्याच्या एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात. तो कप्पा अधिक दिवसांनी उघडावयाचा. चुकले की पत्ता पुन्हा पहिल्या कप्प्यात. पोलंडमधील पियोत्र वोझ्नियाक या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये हाच हिशेब संगणकाकडे सोपविला, आणि आज तो मोबाइल फोनवर सहज मिळतो.

इतके सोपे साधन असूनही परीक्षार्थी त्याकडे पाठ फिरवितो, याचे कारण आळस नव्हे. एकाच रात्री पाचव्यांदा वाचलेले पान ओळखीचे वाटते, आणि ओळख हीच त्याला आठवण वाटू लागते. उलट आठ दिवसांनी उघडलेला पत्ता अडखळावयास लावतो. आपण मागे पडलो असे वाटते. पण तो अडखळण्याचा क्षणच उपयोगाचा असतो, कारण उत्तर मनातून ओढून काढावे लागते. भिलाईच्या मुलाने सोमवारी शिकलेले गतीचे सूत्र बुधवारी वही मिटून लिहावे, पुढच्या आठवड्यात पुन्हा, मग महिन्याने. ज्या वेळी ते चुकेल, त्या वेळी दुसऱ्याच दिवशी पुन्हा लिहावे. प्रत्येक वेळी लागतात ती फार तर दोन मिनिटे.