माहेरचे नाव, सासरचे नाव

‘जालना सोने का पालना’ ही आमच्या गावाची जुनी ख्याती. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी काढली आणि त्या पाळण्यात नवे बाळ आले, संकरित बियाणे! या बाळाचा एक वैरी आहे. तो दोन नावांनी वावरे, आणि ज्वारीवरचे त्याचे दुसरे रूप उजेडात यायला एकोणसाठ वर्षे लागली. त्याचीच ही हकिगत.

ज्वारी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले, हवेत गारवा नि ओल राहिली, की कधी कणसांतून मधासारखे गोड, चिकट थेंब गळू लागतात. शेतकरी याला चिकटा म्हणतात, पुस्तके अरगट. हे काम एका बुरशीचे. तिचे बीजाणू परागकणांच्याच वाटेने फुलात शिरतात. पराग आधी पोचला तर दाणा भरतो. बुरशी आधी पोचली तर दाण्याच्या जागी तिचा संसार थाटला जातो. बीजोत्पादनाच्या प्लॉटात मादीच्या ओळींना स्वतःचा पराग नसतो. शेजारच्या नराच्या ओळी फुलायला चार दिवस उशीर झाला, की या चोराला दार उघडेच! जालन्याला तिची धास्ती आहे ती यामुळे.

थेंबातले बीजाणू नर-मादीच्या मीलनावाचून होतात. हे बुरशीचे अलैंगिक रूप. मॅक्रे नावाच्या शास्त्रज्ञाने १९१७ साली त्याला ‘स्फॅसेलिया सॉर्घाय’ असे नाव ठेवले. पुढे कणसात तिची करडी, लांबट, कठीण गाठ बनते. ती गाठ रुजली, तर तिच्यातून टाचणीसारखे देठ-डोके वर येते आणि त्या डोक्यात केंद्रकांचे मीलन होऊन निराळेच बीजाणू जन्मतात. हे लैंगिक रूप. दोन्ही रूपे शेजारी ठेवली तरी नाते सुचणार नाही.

आपल्याकडे माहेरची कुसुम लग्नानंतर सुनंदा होई. नव्या पोस्टमनला त्या दोघी वाटत. बुरशीच्या शास्त्रात तसेच झाले. युरोपात राय या धान्यावरच्या अरगटाच्या तीन अवस्था तीन निरनिराळ्या बुरशी म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. १८५३ साली फ्रान्समधील लुई रने त्युलान यांनी तिन्ही एकीच्याच असल्याचे दाखवले. ज्वारीवरच्या बुरशीचे लैंगिक रूप १९७६ साली कुलकर्णी, शेषाद्री व हेगडे यांनी वर्णिले आणि तिला सासरचे नाव मिळाले, ‘क्लॅव्हिसेप्स सॉर्घाय’.

वाचकहो, हा नुसता नावांचा खेळ नव्हे. १९९१ साली आफ्रिकेतील ज्वारीवरच्या बुरशीचे लैंगिक रूप तपासले, तेव्हा ती जात वेगळीच निघाली. चिकटा सारखाच, घराणे मात्र निराळे! तिला ‘क्लॅव्हिसेप्स आफ्रिकाना’ म्हणतात, आणि पुढे ती भारतातही आढळली. नुसत्या माहेरच्या रूपावर विसंबलो असतो, तर दोघींना एकच समजलो असतो.

मेलबर्नच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत २०११ साली ठरले, की एका बुरशीला एकच नाव. १ जानेवारी २०१३ पासून तो नियम लागू झाला. हजेरीपटात एका मुलाची दोन नावे खपवून न घेणाऱ्या माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला हे फार आवडले. पण कादंबरीकार म्हणून मला मोह होतो तो त्या मधल्या गाठीचा. बाजरीवरही अरगट पडतो, आणि पेरणीपूर्वी बाजरीचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या गाठी काढून टाकायला शेतकऱ्यांना सांगतात. वर आलेली ती चिमूटभर करडी गाठ म्हणजे, अजून न सुरू झालेला दुसरा संसार!