घरगुती संगीत-सर्व्हर: यंत्रनिवडीचा इतिहास

घरातील एका संगणकावर संगीताचा सगळा संग्रह साठवून तो घरातल्या जाळ्यातून वेगवेगळ्या खोल्यांतील वादकयंत्रांकडे पाठवणे, ही कल्पना प्रत्यक्षात येण्यात पहिला अडथळा होता तो जागेचा. 1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर प्रत्येक ध्वनिमार्गासाठी सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना 16 बिटांत नोंदवला जातो, म्हणजे दोन मार्ग मिळून मिनिटाला सुमारे 10 मेगाबाइट माहिती तयार होते. तेव्हाच्या संगणकांच्या डिस्कवर एवढे सामान ठेवण्याचा विचारही कोणी करू शकत नव्हते. कानाला न जाणवणारा तपशील वगळून फाइल साधारण अकरापट लहान करणारी एमपी3 ही पद्धत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली, तेव्हा कुठे संग्रह डिस्कवर मावू लागला.

अमेरिकेतील स्लिम डिव्हाइसेस या छोट्या कंपनीने 2001 मध्ये स्लिमपी3 हे वादकयंत्र आणले आणि पुढच्या सगळ्या घडामोडींची दिशा त्याने ठरवली. त्यात डिस्क नव्हती, संग्रहाची यादीही नव्हती. जाळ्याची एक तार, एमपी3 उलगडणारी चिप आणि चमकत्या अक्षरांची पट्टी एवढेच होते. संग्रह सांभाळणे, यादी दाखवणे आणि मागितलेले गाणे पाठवणे ही कामे घरातल्या संगणकावर चालणाऱ्या, पर्ल भाषेत लिहिलेल्या व सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीकडे होती. त्यामुळे सर्व्हरसाठी कोणते यंत्र घ्यावे हा प्रश्न सुरुवातीला पडलाच नाही, कारण टेबलावर जो संगणक होता तोच सर्व्हर झाला. प्रश्न उभा राहिला तो हा संगणक चोवीस तास चालू ठेवावा लागला तेव्हा: पंख्याची घरघर रात्री ऐकू येई, आणि 100 वॅट खाणारे यंत्र अखंड चालल्यास वर्षाला 876 युनिट वीज जाते.

पर्यायी यंत्र शोधताना बहुतेकांनी वेगवान प्रोसेसरचा आग्रह धरला, आणि तो बऱ्याच अंशी अनाठायी होता. सीडीच्या दर्जाचा ध्वनी पाठवायला सेकंदाला सुमारे 14 लाख बिट लागतात, म्हणजे 100 मेगाबिटच्या साध्या जाळ्याच्या क्षमतेचा दीड टक्काही नाही. सर्व्हरचे खरे कष्ट दोन ठिकाणी होते. एक म्हणजे यादी तयार करणे: प्रत्येक फाइलच्या आत गाणे, गायक, अल्बम अशा नोंदी असतात, आणि हजारो फाइली उघडून त्या नोंदी डेटाबेसमध्ये मांडायला प्रोसेसरपेक्षाही मेमरी अधिक लागते. (या नोंदींची चौकट पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतासाठी आखलेली असल्यामुळे तीत रागाला स्वतंत्र रकाना नाही, आणि ख्यालगायनाचे संग्राहक राग कधी शीर्षकात, तर कधी संगीतप्रकाराच्या रकान्यात कोंबत आले आहेत.) दुसरे काम रूपांतराचे, म्हणजे वादकयंत्राला न कळणारी फाइल त्याला कळेल अशा स्वरूपात जागच्या जागी बदलून देण्याचे.

हे दुसरे काम मधल्या काळात वाढले, कारण 2001 मध्येच फ्लॅक ही पद्धत आली. ध्वनीतला एकही बिट न गमावता फाइल साधारण निम्म्यावर आणणारी ही पद्धत दर्दी श्रोत्यांनी उचलून धरली. परंतु स्लिमपी3ला फक्त एमपी3 कळत असल्यामुळे प्रत्येक गाणे वाजताना सर्व्हरला ते नव्याने आवळावे लागे. त्याच कंपनीच्या स्क्वीझबॉक्स या पुढच्या वादकाच्या 2005 मधील दुसऱ्या आवृत्तीत फ्लॅक उलगडण्याची सोय वादकातच आली, आणि सर्व्हरच्या डोक्यावरचे हे ओझे उतरले. पुढे अगदी दुबळी यंत्रेही या कामाला पुरली, याचे मुख्य कारण सर्व्हरपेक्षा वादकातील या बदलात शोधावे लागते.

अशा दुबळ्या यंत्रांत लिंक्सिसच्या एनएसएलयू2ची कहाणी विशेष आहे. 2004 मध्ये आलेली ही लहानशी पेटी संगीतासाठी नव्हतीच. यूएसबीची डिस्क घरातल्या जाळ्याला जोडून देणे एवढेच तिचे काम होते. पण आत लिनक्स होते, पंखा नव्हता, वीज नाममात्र लागे, आणि हौशी मंडळींनी तिची मूळ प्रणाली बदलून तिच्यावर संगीताचा सर्व्हर चढवला. तिचा प्रोसेसर 266 मेगाहर्ट्झचा असूनही सुरुवातीच्या पेट्यांत तो 133 वर चालवलेला होता. पेटी उघडून पाटीवरचा एक बारीकसा रोधक काढला की तो पूर्ण वेगाने चाले, आणि ही शस्त्रक्रिया अनेकांनी घरीच केली. मेमरी मात्र 32 मेगाबाइटच होती. त्यामुळे गाणी नव्हे, तर यादी अडखळे. मोठ्या संग्रहाची नोंदणी तासन्‌तास चाले आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाताना ताटकळत बसावे लागे.

2009 चा शीव्हाप्लग हा छोटा संगणक 512 मेगाबाइट मेमरी घेऊन आला आणि ही अडचण बरीचशी मिटली, पण खरा पालट झाला तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी विक्रीस आलेल्या रास्पबेरी पाय या 35 डॉलरच्या ब्रिटिश पाटीमुळे. शिकणाऱ्या मुलांसाठी बनवलेली ही पाटी सर्व्हर म्हणूनही चाले आणि वेगळे ध्वनिकार्ड बसवल्यास वादक म्हणूनही. तिच्या स्वतःच्या ध्वनिजोडणीचा दर्जा मात्र सुमार होता. तिच्या उणिवा संगीतापेक्षा साठवणीच्या होत्या. जाळ्याची तार आणि डिस्क यांची वाहतूक एकाच यूएसबी वाटेने होत असल्यामुळे संग्रहाच्या नकला करणे रटाळ होई, आणि प्रणाली मेमरी कार्डावर असल्यामुळे अचानक वीज गेली तर कार्ड खराब होण्याची भीती असे, आणि वीज जाणे भारतातील अनेक गावांत नित्याचेच म्हणावे लागेल. जाळ्याला स्वतंत्र वाट मिळाली ती 2019 च्या चौथ्या आवृत्तीत.

दरम्यान 2006 मध्ये स्लिम डिव्हाइसेस विकत घेणाऱ्या लॉजिटेकने 2012 मध्ये स्क्वीझबॉक्सची मालिका थांबवली. सर्व्हरची प्रणाली खुली असल्यामुळे ती हौशी लोकांनी चालू ठेवली, 2024 मध्ये तिचे नाव लिरियन म्युझिक सर्व्हर झाले, आणि बंद पडलेल्या मालिकेतील जुने वादक आजही तिच्याकडून गाणी मागून घेतात.